पेटी डावीकडे, घुमारा उजवीकडे: घरच्या रेकॉर्डिंगमध्ये रिव्हर्ब वेगळा पॅन कसा करायचा

आमच्या भागातल्या विठ्ठलमंदिरात एकादशीला भजन असतं. पेटीवाले अण्णा कायम डाव्या खांबापाशी बसतात. सभामंडपाच्या उजव्या अंगाला उघडी दगडी भिंत आहे. डोळे मिटून ऐकलं तर पेटी डावीकडूनच येते, पण अण्णांनी एखादा सूर धरून सोडला की त्याचा घुमारा उजव्या भिंतीवरून परततो आणि छताकडे विरत जातो. सूर एकीकडे, त्याची आस दुसरीकडे.

तीच पेटी मी घरी रेकॉर्ड केली. ट्रॅक डावीकडे पॅन केला, म्हणजे त्याचा आवाज डाव्या कानाकडे वळवला, त्याच ट्रॅकवर रिव्हर्ब, म्हणजे सॉफ्टवेअरमधला घुमारा, लावला आणि अण्णांना ऐकवलं. पेटी आणि तिचा घुमारा दोन्ही डाव्या कानात दाटीवाटीने बसले होते, उजवा कान रिकामा. अण्णांनी हेडफोन काढून ठेवला. म्हणाले, "हे देवळातलं न्हाई वाटत रे. कोनाड्यात बसून वाजवल्यासारखं वाटतंय."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. रिव्हर्ब वाद्याचा नसतो, जागेचा असतो. वाद्य कुठे बसलंय आणि जागा त्याला कुठून उत्तर देतेय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण रिव्हर्ब वाद्याच्याच ट्रॅकवर लावतो तेव्हा दोन्हींना एकाच पॅनच्या नॉबला बांधून टाकतो. ती गाठ सोडवायची कशी, ते इथे पायरीपायरीने सांगतो. मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो म्हणून मुख्य उदाहरण त्याचं आहे. ऑडॅसिटी हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी वेगळी वाट पुढे दिली आहे.

आधी खोली गप्प करा

घुमारा आपण नंतर देणार आहोत, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये खोलीचा स्वतःचा घुमारा जितका कमी तितकं बरं. पेटीसोबत खोलीचा आवाज एकदा माइकमध्ये शिरला की तो पेटीबरोबर डावीकडेच जातो, त्याला उजवीकडे हलवता येत नाही.

मी सोलापूर शहराच्या पूर्व भागात राहतो. दिवसभर आजूबाजूला यंत्रमागांची खटखट चालू असते, त्यामुळे रेकॉर्डिंग रात्री, माग थांबल्यावर. खोलीत पेटीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरी बांधून जाड सोलापुरी चादरी दुहेरी करून टांगतो. भिंतीला चिकटवून नाही, भिंतीपासून वीतभर पुढे. मध्ये हवेची फट राहिली की कापड आवाज जास्त शोषतं. चादर वरच्या सुरांची चरचर चांगली मारते, खालचे सूर फारसे अडवत नाही. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात गाद्यांची चळत उभी करून ठेवायची.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं काही समजत नसे, कारण आवाज साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही. १८९५ मध्ये वॉलेस साबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्याने दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून एकेक मांडत, ऑर्गनची नळी वाजवून, आवाज किती वेळात विरतो ते मोजलं. बाहेरचा गोंगाट नको म्हणून तोही मध्यरात्रीनंतरच काम करी. रिव्हर्बचं शास्त्र तिथून सुरू झालं. आवाज ६० डेसिबलने उतरायला जो वेळ लागतो त्याला घुमण्याचा काळ म्हणायची पद्धत त्याच मोजणीतून आली, आणि रिव्हर्बच्या प्लगइनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, सेकंदांत लिहिलेला आकडा सहसा हाच असतो.

पेटी एकाच माइकवर, मोनोमध्ये, म्हणजे डावी-उजवी नसलेल्या एकाच चॅनलमध्ये घ्या. माइक पेटीच्या वर, दीडेक फुटावर, पट्ट्यांच्या बाजूला थोडा झुकलेला. भात्याच्या बाजूला नेला तर हवेचा फसफस आवाज येतो, आणि रिव्हर्बमध्ये तो दुप्पट ठळक होतो. पंखा बंद. सोलापूरच्या मे महिन्यात हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, पण त्याला पर्याय नाही. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल.

सेंड म्हणजे काय

१९५७ मध्ये जर्मनीतल्या ईएमटी कंपनीने १४० नावाचं रिव्हर्ब यंत्र काढलं. एका मोठ्या चौकटीत स्प्रिंगांवर ताणलेला पोलादी पत्रा, त्याला थरथरवणारं एक यंत्र आणि थरथर टिपणारी टोकं. धूड एवढं की ते बाजूच्या खोलीत किंवा तळघरात ठेवावं लागे. मिक्सरवरून आवाजाचा एक फाटा तिकडे पाठवायचा, म्हणजे सेंड. घुमून आलेला आवाज मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर परत घ्यायचा, म्हणजे रिटर्न. परतलेला आवाज वेगळ्या चॅनलवर असल्याने त्याला स्वतःचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, आणि स्वतःचा पॅन आपोआप मिळायचा. व्हॅन हेलन या अमेरिकी बँडच्या १९७८ मधल्या पहिल्या अल्बममध्ये गिटार डावीकडे आणि तिचा रिव्हर्ब उजवीकडे ऐकू येतो, तो याच रचनेमुळे. एकच गिटार, पण दोन्ही बाजू भरलेल्या.

सॉफ्टवेअरमध्येही आपल्याला तेच करायचं आहे.

रीपरमध्ये, पायरीपायरीने

१. पेटीच्या ट्रॅकला नाव द्या: पेटी मूळ. त्याचा पॅन मध्यावरच राहू द्या. डावीकडे नेण्याचा मोह आत्ता टाळा, कारण पुढच्या तिसऱ्या पायरीत सांगतो.

२. कंट्रोल टी दाबून दोन नवे ट्रॅक करा. एकाचं नाव पेटी कोरी, दुसऱ्याचं पेटी घुमारा. देवनागरी नावं रीपर व्यवस्थित घेतं.

३. पेटी मूळ या ट्रॅकवरचं रूट बटण माउसने धरून पेटी कोरीवर ओढून सोडा. सेंड तयार होतो. तसंच पुन्हा ओढून पेटी घुमारावर सोडा. आता रूट बटणावर क्लिक करून खिडकी उघडा आणि मास्टर सेंडची खूण काढून टाका. मूळ ट्रॅकचा आवाज आता थेट बाहेर जात नाही, तो फक्त या दोन वाटांनी जातो.

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात आणि मीही कितीतरी दिवस चुकत होतो. सरळ पद्धत अशी दिसते की पेटीचा ट्रॅक डावीकडे पॅन करावा, त्यावरून रिव्हर्बच्या ट्रॅकला सेंड द्यावा आणि रिव्हर्बचा ट्रॅक उजवीकडे पॅन करावा. करून पाहा. घुमारा एकदम पातळ होतो, कधीकधी जवळजवळ नाहीसाच होतो. कारण रीपरमधला सेंड मुळात फेडर आणि पॅन यांच्या नंतरचा आवाज उचलतो. म्हणजे रिव्हर्बकडे जातानाच पेटी डावीकडे झुकलेली असते, आणि पुष्कळ रिव्हर्ब डावीकडून आलेल्या आवाजाचा घुमाराही डावीकडे जास्त देतात. त्यात भर अशी की स्टिरिओ ट्रॅकवर रीपरचा नेहमीचा पॅन हा खरा पॅन नसून बॅलन्स असतो. उजवीकडे फिरवला की तो डावा आवाज उजवीकडे नेत नाही, फक्त डावी बाजू कमी करतो. ज्या बाजूला घुमारा होता तीच बाजू आपण कापून टाकतो.

यावर एक उपाय म्हणजे सेंडच्या खिडकीत प्री-फेडर, पोस्ट-एफएक्स, म्हणजे फेडरच्या आधीचा पण इफेक्टनंतरचा आवाज, हा पर्याय निवडणं. मग पॅनचा परिणाम रिव्हर्बवर होत नाही. पण फेडरचाही होत नाही. गाण्यात पेटी मागे घेतली तरी तिचा घुमारा तेवढाच मोठा राहतो, आणि नंतर तो प्रत्येक वेळी हाताने जुळवावा लागतो. म्हणून मला तीन ट्रॅकची रचना आवडते. मूळ ट्रॅक मध्यावर असल्यामुळे दोन्ही वाटांना सारखा आवाज मिळतो. मूळ ट्रॅकचा फेडर खाली आणला की पेटी आणि घुमारा दोन्ही एकत्र मागे जातात. कट, इक्यू (जाड-बारीक सुरांचं प्रमाण बदलणारा इफेक्ट), कम्प्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारा इफेक्ट) जे काही लावायचं ते मूळवरच लावायचं.

४. पेटी कोरीचा पॅन डावीकडे ५० टक्क्यांवर न्या.

५. पेटी घुमारावर रीव्हर्बेट हे प्लगइन लावा, ते रीपरबरोबरच येतं. त्यातला ड्राय, म्हणजे घुमाऱ्याविना कोरा आवाज, पूर्ण खाली, उणे अनंतावर. वेट, म्हणजे नुसता घुमारा, शून्य डेसिबलवर. ही पायरी विसरलात तर कोरी पेटीसुद्धा उजवीकडून वाजते आणि डावीकडची पेटी मध्याकडे ओढली जाते. पेटी डावीकडे ठरत का नाही असं वाटलं तर पहिल्यांदा ड्राय तपासा.

६. पेटी घुमाराच्या पॅनच्या नॉबवर उजवं क्लिक करा. पॅन मोडच्या यादीतून स्टिरिओ पॅन निवडा. आता पॅनसोबत विड्थ, म्हणजे रुंदी, असाही एक ताबा दिसतो. रुंदी आधी ४० टक्क्यांवर आणा, मग पॅन उजवीकडे ६० टक्के. या मोडमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज खरोखर उजवीकडे सरकतो, काही कापलं जात नाही. रुंदी शून्य केली तर घुमारा एका बिंदूतून येतो, दूरच्या खिडकीतून आल्यासारखा. १०० च्या जवळ ठेवली तर तो सगळीकडे पसरतो आणि त्याला उजवीकडे नेण्यात अर्थ उरत नाही.

७. इनिशियल डिले, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीची फट, २० मिलिसेकंद. हा आकडा हवेतून काढलेला नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २० मिलिसेकंदांत जेमतेम ७ मीटर. पेटीपासून भिंत गाठून आपल्या कानापर्यंत यायला घुमाऱ्याला थेट आवाजापेक्षा ७ मीटर जास्त चालावं लागलं, असा त्याचा अर्थ. मध्यम आकाराच्या सभामंडपाला हे शोभतं. मोठं देऊळ हवं असेल तर ३५-४० पर्यंत जा.

८. हायपास, म्हणजे खालचे सूर कापणारी चाळणी, २५० हर्ट्‌झच्या आसपास, आणि लोपास, म्हणजे वरचे सूर कापणारी, ५,००० ते ६,०००. पेटीच्या खालच्या सप्तकाचा घुमारा पखवाजाच्या धुम्याला चिखलात घालतो, म्हणून तो काढायचाच. वरचा भाग कापला की घुमारा लांबून आल्यासारखा वाटतो, कारण खऱ्या भिंती, कापडं, माणसं आणि हवा मिळून वरचे सूर आधी खातात.

९. रूम साइझ लयीवरून ठरवा. मिनिटाला ९० मात्रांची लय असेल तर एक मात्रा पाऊण सेकंदाहून थोडी कमी, आणि भजनी ठेक्याच्या आठ मात्रांचं आवर्तन सव्वापाच सेकंदांच्या थोडं पुढे. ओळ संपून पुढची ओळ उचलेपर्यंत घुमारा विरला पाहिजे. द्रुत लयीत तीच सेटिंग ठेवली तर सूर एकमेकांत कालवले जातात.

१०. पेटी घुमाराचा फेडर पूर्ण खाली नेऊन हळूहळू वर आणा. घुमारा वेगळा ऐकू यायला लागला की तिथून दोन-तीन डेसिबल मागे या. मग म्यूट दाबून पाहा. म्यूट केल्यावर खोली नाहीशी झाल्यासारखी वाटली पाहिजे, आणि म्यूट काढल्यावर कोणीतरी रिव्हर्ब लावलाय असं वाटता कामा नये.

उजवीकडे एवढा आवाज असून पेटी डावीकडेच का राहते

हा प्रश्न अण्णांच्या मुलाने विचारला आणि मला तो फार आवडला. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला. त्याला असं आढळलं की एकच आवाज दोन दिशांनी, थोड्या अंतराने आला तर कान दिशा ठरवताना पहिल्याच आवाजावर विश्वास ठेवतो. दुसरा आवाज ५ ते ३० मिलिसेकंदांनी मागून आला तर तो पहिल्यापेक्षा जोरात असला तरीसुद्धा वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही, आवाज फक्त भरीव वाटतो.

आपला २० मिलिसेकंदांचा डिले म्हणूनच महत्त्वाचा. तो शून्य ठेवला तर पेटी आणि घुमारा दोन्ही बाजूंनी एकदमच येतात आणि पेटीची जागा धूसर होते. फार वाढवला तर घुमारा पेटीपासून तुटून उजवीकडे दुसरीच पेटी वाजतेय असं वाटतं. पेटीसारख्या लांब सुरांच्या वाद्याला कान जास्त सूट देतो. टाळ, चिपळ्या यांच्यासारख्या टोकदार आवाजांना मुळीच देत नाही. टाळाला ३० मिलिसेकंदांचा डिले दिला की टाळ दोनदा वाजतो. त्याला १० च्या खालीच ठेवा.

ऑडॅसिटीमध्ये

ऑडॅसिटीत सेंड नाहीत, पण कल्पना तीच. पेटीचा मोनो ट्रॅक शेवटपर्यंत निवडा. त्याआधी ट्रॅकच्या शेवटी जनरेट मेनूतून तीन-चार सेकंदांची शांतता जोडून घ्या, कारण इफेक्ट निवडलेल्या भागाच्या पुढे जात नाही आणि शेवटच्या सुराची शेपटी कापली जाते. मग कंट्रोल डी. खाली त्याच ट्रॅकची प्रत तयार होते. प्रतीवर रिव्हर्ब इफेक्ट उघडा, वेट ओन्ली या चौकटीत खूण करा, प्री-डिले २० करा आणि लावा. मूळ ट्रॅकचा पॅनचा स्लायडर डावीकडे, प्रतीचा उजवीकडे. झालं.

मोनो ट्रॅकवर लावलेला रिव्हर्ब मोनोच राहतो. ते इथे उणं नाही. उलट बॅलन्स आणि पॅनचा वरचा सगळा गोंधळच उरत नाही, मोनो घुमारा हवा तिथे नेमका बसतो. अडचण एवढीच की मूळ पेटीत नंतर एखादा सूर दुरुस्त केला तर प्रत पुन्हा करावी लागते. म्हणून पेटीची सगळी कापाकापी आधी संपवा आणि कोऱ्या ट्रॅकची एक जादा प्रत म्यूट करून ठेवा.

इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं बदलतात. एबलटनमध्ये रिटर्न ट्रॅक, लॉजिकमध्ये बस आणि ऑक्स, क्युबेसमध्ये एफएक्स चॅनल. सेंड पॅनच्या आधी आवाज उचलतो की नंतर, आणि रिटर्नचा पॅन खरा आहे की बॅलन्स, हे दोन प्रश्न मात्र प्रत्येक ठिकाणी स्वतः वाजवून तपासा. एकदा तपासलं की पुन्हा कधी शंका राहत नाही.

सगळ्याच वाद्यांना हे करू नका

हे जमायला लागलं तेव्हा मी एका अभंगात पेटीचा घुमारा उजवीकडे, टाळाचा डावीकडे, पखवाजाचा पुन्हा उजवीकडे असं सगळंच उलटसुलट केलं. ऐकताना जागाच कळेना. खऱ्या देवळात एकच उघडी भिंत असते, प्रत्येक वाद्यासाठी वेगळी भिंत नसते.

आता मी असं करतो. गायकाचा आवाज मध्यावर आणि त्याचा घुमारा मध्यावरच, पण पूर्ण रुंद. पेटी डावीकडे, घुमारा उजवीकडे. पखवाज मध्याच्या किंचित उजवीकडे, त्याला जवळजवळ कोराच ठेवतो. टाळ उजवीकडे, आणि त्यांचा थोडासा घुमारा त्यांच्याच बाजूला, अरुंद. वाद्याच्याच बाजूला अरुंद घुमारा दिला की वाद्य दूर जातं, मागच्या रांगेत बसतं. मागे टाळ धरून उभे असलेले वारकरी तिथेच तर असतात.

विरुद्ध बाजूचा घुमारा सगळ्यात शोभतो तो मोकळ्या जागेत. नुसती पेटी आणि आवाज, किंवा सुरुवातीचा आलाप. गजर सुरू झाला, वीस जणांचे टाळ लागले की उजवी बाजू तशीच भरलेली असते. तिथे पेटी घुमाराचा फेडर ऑटोमेशनने, म्हणजे सॉफ्टवेअरला आधीच आखून देऊन, पाच-सहा डेसिबल खाली उतरवतो आणि गजर संपला की पुन्हा वर आणतो.

मोनोमध्ये ऐकल्याशिवाय फाइल देऊ नका

आपल्याकडे भजनाचं रेकॉर्डिंग कुठे वाजतं? मोबाइलच्या एका स्पीकरवर, मंदिरावरच्या भोंग्यावर, पंढरपूरला निघालेल्या टेम्पोत. बहुतेक ठिकाणी डावी-उजवी नसतेच. एका मंडळाला मी हेडफोनवर सुंदर लागलेला अभंग दिला, आणि त्यांच्या गाडीत तो लागला तेव्हा पेटी पाण्याखालून वाजल्यासारखी झाली. दोन बाजूंना वेगवेगळे असताना घुमारा पेटीवर पडत नव्हता. एकाच स्पीकरमध्ये आल्यावर तो थेट तिच्या अंगावर आला.

रीपरच्या मास्टर ट्रॅकवर मोनो करण्याचं बटण आहे. ते दाबून पूर्ण अभंग एकदा ऐका. पेटी बुडत असेल तर घुमारा दोन डेसिबल कमी करा किंवा हायपास ३५० पर्यंत वर न्या. मोनोत पेटीचे सूर कळतील इतपत, आणि स्टिरिओत भिंत जाणवेल इतपत, अशी जागा सहसा सापडते. मला ती पातळी हेडफोनवर आधी आवडलेल्यापेक्षा दरवेळी थोडी खालीच सापडली आहे. हेडफोनवर पॅनही ६०-७० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. स्पीकरवर दोन्ही आवाज दोन्ही कानांपर्यंत पोचतात, हेडफोनवर पोचत नाहीत, त्यामुळे टोकाला नेलेला घुमारा डोक्यातून कापल्यासारखा वाटतो.

शेवटचं काम रेंडरचं, म्हणजे सगळे ट्रॅक मिळून एक फाइल काढण्याचं. रेंडरच्या खिडकीत टेल या पर्यायावर खूण करून ४,००० मिलिसेकंद लिहा, नाहीतर शेवटचा सूर संपताच फाइल तुटते आणि उजवीकडच्या भिंतीवरून परतणारा घुमारा फाइलमध्ये येतच नाही. अण्णांना मी दुसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा शेवटचा षड्ज सुटल्यावरही ते तीन-चार सेकंद हेडफोन लावून तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "आता खांबापाशी बसलोय."